एक हिस्सा आपला, दोन राज्याचे: व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजात नोकरीचं सर्टिफिकेशन कसं घ्यावं

कोर्सच्या फीतला तीनपैकी एकच हिस्सा मी भरला असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग बाकीचे कोणी भरले?" बाकीचे व्हर्जिनिया राज्याने भरले. दुसरा प्रश्न मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि खरं तर तोच विचारायचा असतो: कधी भरले, आणि मी काय केल्यावर?

मी मिरजेची. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. आणि पुढे सहा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, उत्तर व्हर्जिनियात आले आणि दोन वर्षं घरी बसले. मग इथल्या कम्युनिटी कॉलेजातून फ्लेबॉटॉमीचा, म्हणजे रक्ताचे नमुने काढण्याचा कोर्स केला आणि सर्टिफिकेशन मिळवलं. आता मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी ताट हातात घेऊन शेजारी बसतं आणि विचारतं, "ते ब्लडचं कसं केलंस गं?" सगळं तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहून काढते आहे. हे मुख्यतः व्हर्जिनियात राहणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर शेवटाकडे तुमच्यासाठी चार ओळी आहेत.

## १. आधी पैशाची वाट समजून घ्या

ही योजना २०१६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून आणली. कायद्यातलं नाव लांबलचक, न्यू इकॉनॉमी वर्कफोर्स क्रेडेन्शियल ग्रँट. राज्यातली २३ कम्युनिटी कॉलेजं हे कोर्स 'फास्टफॉरवर्ड' या नावाने चालवतात. फोनवर तेवढंच म्हणा, लगेच कळतं. कोर्स छोटे असतात, बहुतेक सहा ते बारा आठवड्यांचे: वेल्डिंग, ट्रकचं लायसन्स, नर्स एड, फ्लेबॉटॉमी, मेडिकल असिस्टंट, एसी-हीटिंगची दुरुस्ती, आयटीतली ए प्लस आणि सिक्युरिटी प्लससारखी सर्टिफिकेशन्स.

फीचे तीन सारखे हिस्से होतात. हिशोब सोपा जावा म्हणून फी ३,००० डॉलर धरू.

- पहिले १,००० तुम्ही प्रवेश घेतानाच भरता.
- दुसरे १,००० राज्य भरतं, पण तुम्ही कोर्स पूर्ण केल्यावर.
- तिसरे १,००० राज्यच भरतं, पण तुम्ही परीक्षा पास होऊन सर्टिफिकेशन मिळवल्यावर.

यात राज्याचा एक डॉलरही तुमच्या हातात येत नाही. सगळं कॉलेजला जातं. आता हाच हिशोब उलट्या बाजूने वाचा. कोर्स अर्धवट सोडलात तर राज्य काहीच देत नाही, आणि तो दुसरा हिस्सा तुमच्या नावावर चढतो. म्हणजे १,००० गेले ते गेले, वर आणखी १,००० चं बिल. पण कोर्स पूर्ण केलात आणि परीक्षेत नापास झालात, तर तुम्हाला आणखी काही द्यावं लागत नाही. तिसऱ्या हिश्श्यावर पाणी सोडावं लागतं ते कॉलेजला.

थोडक्यात, तुमचा धोका वर्गाच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि कॉलेजचा तिथून सुरू होतो. हे मला कळलं तेव्हा कॉलेजच्या ऑफिसमधली बाई दर आठवड्याला "परीक्षेची तारीख घेतलीस का?" असा फोन का करते, याचाही उलगडा झाला. मी तोवर तिला फारच प्रेमळ समजत होते. प्रेमळ ती आहेच, पण त्या फोनमागे हजार डॉलरही होते. याचा फायदा घ्या. जादा सराव, जुने प्रश्नसंच, लॅब उघडी ठेवणं, हे सगळं न लाजता मागा. तुम्ही पास होणं ही त्यांचीही गरज आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनुदानाला कोर्समागे कमाल मर्यादा आहे, त्यामुळे महागड्या कोर्सला तुमचा वाटा नेमका किती, ते आकड्यात विचारा. आणि राज्याचा पैसा अर्थसंकल्पात मंजूर झाला तेवढाच असतो. त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. वसंतात विचारायला गेलात आणि "आता निधी नाही, जुलैनंतर या" असं ऐकलंत तर नाउमेद होऊ नका, खरंच जुलैनंतर जा.

## २. आपण यात बसतो का?

अट आहे व्हर्जिनियाचं डोमिसाइल. महाराष्ट्रात डोमिसाइल म्हटलं की १५ वर्षांचा रहिवास आणि तहसील कचेरीतला दाखला डोळ्यांसमोर येतो. इथे दाखलाबिखला काही मिळत नाही. कॉलेजच्या अर्जात प्रश्न असतात, त्यांची उत्तरं द्यायची आणि लागले तर पुरावे दाखवायचे. मुदत किमान एक वर्षाची. पण नुसतं वर्षभर राहणं पुरत नाही, इथेच घर करायचा इरादा आहे हे कागदांवरून दिसावं लागतं: व्हर्जिनियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, व्हर्जिनियात भरलेला राज्याचा टॅक्स, इथे नोंदलेली गाडी, भाडेकरार. लायसन्स अजून न्यू जर्सीचं आणि राहणं मात्र व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला, अशी बरीच कुटुंबं मला माहीत आहेत. ते आधी बदला. मोजणीत अशीच वर्षं वाया जातात.

व्हिसाचं म्हणाल तर एच-१बी आणि त्यावरचे एच-४ यांना डोमिसाइल सिद्ध करता येतं. एफ-१ वर शिकायला आलेल्यांना साधारणपणे येत नाही. ग्रीन कार्ड आणि नागरिकांचा प्रश्नच नाही.

इथे एक सापळा आहे आणि तो पैशाचा नाही. लायसन्स काढायला गेलात की समोरच्या पडद्यावर किंवा फॉर्मवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. 'रहिवासाचा आणखी एक पुरावा होईल' म्हणून कोणी हो म्हणू नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं फार महागात पडतं, पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या वेळी ते उकरून काढलं जातं. उत्तर 'नाही'. घाईत बटण दाबू नका.

एच-४ वाल्यांसाठी आणखी एक. शिकायला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागत नाही. पगाराची नोकरी करायला लागतो. तो मिळण्यासाठी नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा अर्ज, मंजूर झालेला हवा, किंवा त्यांचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला हवा. त्यात ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर परवाना आपोआप वाढण्याची सोय गेली आहे. म्हणून कोर्सची तारीख ठरवण्याआधी ईएडीची तारीख बघा. सर्टिफिकेशन घेऊन वर्षभर घरी बसलात तर हाताची सवय जाते, आणि माझ्या कामात तरी हातच सगळं आहे.

## ३. कोर्स निवडा, पण आधी सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन यातला फरक पाहा

कोर्स संपल्यावर कॉलेज जो कागद देतं तो सर्टिफिकेट. म्हणजे तुम्ही वर्गात होतात आणि पूर्ण केलंत. सर्टिफिकेशन किंवा क्रेडेन्शियल देते ती बाहेरची संस्था किंवा सरकारी यंत्रणा, तिची स्वतंत्र परीक्षा घेऊन. नोकरीच्या जाहिरातीत मागतात ते हे दुसरं, आणि राज्य तिसरा हिस्सा देतं तोही यावरच. कॉलेजच्या कॅटलॉगात सगळेच कोर्स फास्टफॉरवर्डमध्ये नसतात. शेजारी शेजारी छापलेले, जवळजवळ त्याच नावाचे दोन कोर्स असू शकतात, एक अनुदानाचा आणि एक पूर्ण फीचा. राज्याने मागणी असलेल्या क्षेत्रांची यादी ठरवलेली असते, तिच्यात बसणाऱ्यांनाच अनुदान.

म्हणून ऑफिसला फोन करून हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा:

- हा कोर्स फास्टफॉरवर्डमध्ये आहे का, आणि मी भरायची रक्कम नेमकी किती?
- कोर्सनंतर कोणत्या संस्थेची परीक्षा आहे?
- परीक्षेची फी कोर्सच्या फीत धरली आहे की वेगळी?
- पुस्तकं, गणवेश, लशी, पार्श्वभूमी तपासणी यांचा खर्च कोणाचा?
- हजेरीची अट किती तासांची, आणि बुडालेला तास भरून काढता येतो का?

तिसरा प्रश्न विसरू नका. आयटीतल्या ए प्लसला एक नाही, दोन परीक्षा असतात. दोन्हींची फी वेगवेगळी भरावी लागली तर अनुदानामुळे वाचवलेल्यातले बरेचसे तिथेच जातात.

पुढे कुठे राहणार आहोत याचाही विचार करा. एच-१बीची कुटुंबं प्रोजेक्ट बदललं की सामान बांधतात. व्हर्जिनियात फ्लेबॉटॉमीला राज्याचा परवाना लागत नाही, राष्ट्रीय सर्टिफिकेशन असलं की काम मिळू शकतं. पण कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा आणि लुइझियाना या चार राज्यांत परवाना लागतो. नवऱ्याची कंपनी वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलला हलवायच्या गोष्टी करत असेल तर आधी तिथले नियम वाचा. आयटीच्या सर्टिफिकेशनला ही अडचण नाही.

## ४. आपला हिस्साही कमी करता येतो का?

बऱ्याचदा येतो, पण कोणती दारं आपल्याला उघडी आहेत ते व्हिसा आणि उत्पन्नावर ठरतं.

कॉलेजकडे 'फँटिक' नावाचा एक निधी असतो, नॉनक्रेडिट, म्हणजे पदवीत न धरले जाणारे, कोर्स करणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी. तो तुमच्या वाट्यातला भाग उचलतो. कोणी आपणहून सांगत नाही, नाव घेऊन विचारा.

दुसरं 'जी-थ्री'. २०२१ साली राज्यपाल राल्फ नॉर्थम यांच्या काळात हा कायदा झाला. आरोग्य, आयटी, कुशल कारागिरी, बालशिक्षण आणि सार्वजनिक सुरक्षा या पाच क्षेत्रांतलं कम्युनिटी कॉलेजचं शिक्षण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना ट्यूशन न घेता द्यायचं, असा त्याचा हेतू. उत्पन्नाची मर्यादा संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के, त्यामुळे चौघांच्या मध्यमवर्गीय कुटुंबालाही विचारायला हरकत नाही.

तिसरं, सरकारी रोजगार केंद्रं. व्हर्जिनियात त्यांना व्हर्जिनिया करिअर वर्क्स म्हणतात. २०१४ च्या 'वायोआ' या संघराज्याच्या कायद्याखाली नोकरी गेलेल्यांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना ते प्रशिक्षणाचा खर्च देतात. कामाचा परवाना हवा. इथला सापळा क्रमाचा आहे: आधी केंद्रात जायचं, त्यांची मंजुरी घ्यायची, मग प्रवेश. आधी फी भरून पावती घेऊन गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. लेऑफ झालेल्या दोघांना मी हे सांगितलं, दोघांनीही फी भरून झाल्यावर ऐकलं.

चौथं नवीन आहे. आजवर इतक्या छोट्या कोर्सना पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारं संघराज्याचं अनुदान, मिळत नसे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने 'वर्कफोर्स पेल' आणली आणि १ जुलै २०२६ ही सुरुवातीची तारीख ठरवली. कोर्स किमान ८ पण १५ पेक्षा कमी आठवड्यांचा आणि १५० ते ५९९ तासांचा हवा, राज्यपालांची मान्यता हवी, आणि किमान ७० टक्के विद्यार्थी कोर्स पूर्ण करणारे व ७० टक्के कामाला लागणारे हवेत. इथेही निकाल दाखवा मग पैसे, हाच हिशोब. पेल नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, एच-४ वर मिळत नाही.

मला यातलं काही मिळालं नाही, माझा हिस्सा पूर्ण भरला. तरी महाग वाटला नाही.

## ५. कागदपत्रं

एका फोल्डरमध्ये घाला, फोनमध्ये फोटोही ठेवा.

- पासपोर्ट, व्हिसा, ताजा आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद)
- आपली आणि जोडीदाराची आय-७९७ मंजुरीपत्रं, असल्यास ईएडी
- व्हर्जिनियाचं लायसन्स किंवा ओळखपत्र
- भाडेकरार किंवा घराची कागदपत्रं, गाडीची नोंदणी
- मागच्या वर्षीचं व्हर्जिनियाचं टॅक्स रिटर्न, फॉर्म ७६०. जोडीने भरलं असेल तर त्यावर तुमचं नाव आहे ना ते पाहा
- सोशल सिक्युरिटी नंबर. नसेल तर टॅक्सचा आयटिन
- बारावीचं प्रमाणपत्र, कारण बऱ्याच परीक्षांना हायस्कूल पूर्ण केल्याचा पुरावा लागतो
- लसीकरणाची जुनी फाइल, आईकडे असेल ती

पदवीचं महागडं मूल्यमापन लगेच करून घेऊ नका. माझ्या बी.एस्सी.कडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. कॉलेजने लेखी मागितलं तरच करा.

## ६. सही करण्याआधी करार वाचा

प्रवेशाच्या वेळी एक पानभर करार समोर येतो. कोर्स पूर्ण केला नाही तर दुसरा हिस्सा मी भरेन, असं त्यात तुम्ही लिहून देता. सगळे न वाचता सही करतात.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिच्या दिराचं नाशिकला लग्न निघालं, कोर्सच्या सहाव्या आठवड्यात. ऑफिसात तोंडी सांगून ती दहा दिवस गेली. परत आली तोवर क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यातल्या कामाचे, तास इतके मागे पडले होते की भरून काढायला जागाच नव्हती. पूर्ण न केलेल्यांच्या यादीत नाव गेलं आणि महिन्याभराने बिल आलं. लग्नाचा आहेर, तिकिटं आणि वर हे. ती म्हणते, "सगळ्यात महाग आहेर मीच दिला."

म्हणून तारखा घरच्यांशी बोलून ठरवा. भारतातून आई-बाबा येणार असतील, व्हिसा स्टॅम्पिंगला जायचं असेल, नवऱ्याच्या बदलीची कुणकुण असेल, तर पुढची बॅच घ्या. पूर्ण पैसे परत मिळवून नाव काढून घ्यायची शेवटची तारीख कोणती, ते कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आणि मध्येच खरोखरचं संकट आलं तर पहिल्याच दिवशी ईमेल करा. पुढच्या बॅचमध्ये बसवून देता येईल का, हा प्रश्न बिल यायच्या आधी विचारला तर त्याला काही किंमत असते.

## ७. आरोग्याचा कोर्स घेत असाल तर

आयटी आणि वेल्डिंगवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

क्लिनिकलला पाठवण्याआधी लशींचे पुरावे मागतात: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी, धनुर्वात, फ्लू. जुन्या नोंदी सापडत नसतील तर टायटर करून घ्या, रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्ती दिसली की काम झालं. त्याशिवाय सीपीआरचं प्रशिक्षण, पार्श्वभूमी तपासणी आणि बहुतेक ठिकाणी ड्रग टेस्ट. हेपॅटायटिस बीचे डोस महिन्यांच्या अंतराने असतात, त्यामुळे हे काम प्रवेशाआधी सुरू करा.

टीबीच्या तपासणीत आपली माणसं हमखास अडकतात. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, दंडावर तो वण असतो. इथे पहिल्यांदा हातावर टोचून त्वचेची टेस्ट करतात. बीसीजी घेतलेल्याला ती टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली. हातावर रुपयाएवढी लाल गाठ, आणि नर्सचा चेहरा माझ्यापासून दोन फूट मागे. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, आठ दिवस गेले. सुरुवातीलाच "मला बीसीजी दिलेली आहे, त्वचेची नको, रक्ताची टेस्ट करा" असं सांगा. त्या रक्ततपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या सर्टिफिकेशनला, नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनच्या (एनएचए) सर्टिफाइड फ्लेबॉटॉमी टेक्निशियनला (सीपीटी), जिवंत माणसांवर ३० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोट टोचून रक्त काढल्याची नोंद लागते. रबरी हातावरचं धरत नाहीत. वर्गात आम्ही एकमेकींना टोचायचो. पहिल्या दिवशी माझ्यासमोर कोरियन आजी बसल्या होत्या, साठीच्या पुढच्या, माझ्यासारख्याच विद्यार्थिनी. दंडाला पट्टा बांधला, शीर बोटाने चाचपली, आणि माझा हात थांबला. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नसतो. त्यांनीच खालून हळूच म्हटलं, "फिफ्टी सेकंड्स." सुई गेली, रक्त आलं, आणि आजींनी दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली.

नळ्यांचा क्रम पाठ करायला मला मिरजेचा अनुभव आड आला. तिथे माझ्या टेबलावर नळ्या भरून यायच्या, कोणती आधी भरली हे मी कधी विचारलंच नव्हतं. इथे क्रम म्हणजे वेदवाक्य: आधी ब्लड कल्चरच्या बाटल्या, मग फिकी निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. कारण साधं आहे. जांभळ्या नळीत पोटॅशियमचं ईडीटीए असतं. त्यातला अंश पुढच्या नळीत गेला तर रुग्णाचं पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम खोटंच घटलेलं दिसतं. मी फ्रिजवर सहा रंगांच्या बांगड्यांचं चित्र लावलं होतं. अजून आहे.

नोंदवहीत प्रत्येक टोचणीनंतर लगेच सही घ्या. आठवड्याच्या शेवटी एकदम घेऊ म्हणालात तर निरीक्षक बदललेला असतो.

## ८. परीक्षा

कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांच्या आतली तारीख घ्या. सीपीटीला १२० प्रश्न, त्यातले १०० गुणांचे, वेळ दोन तास, पास व्हायला ५०० पैकी ३९०. सिक्युरिटी प्लसला जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, ९०० पैकी ७५०. हे आकडे नेहमीच्या टक्केवारीसारखे धरू नका, ते मोजपट्टीवर बसवलेले असतात.

अभ्यासापेक्षा आपल्याला त्रास देतं ते नाव. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. लायसन्स काढताना ते दुसरं नाव कधी 'मिडल नेम' होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं. कित्येकींचा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आणि बाकी सगळं सासरच्या. मी परीक्षेच्या वेबसाइटवर खातं उघडताना नवऱ्याचं नाव गाळलं, सुटसुटीत म्हणून. केंद्रावर लायसन्स दाखवलं, नावं जुळली नाहीत, आणि मला दारातूनच परत पाठवलं. त्यांची काही चूक नव्हती. नवीन तारीख मिळायला तीन आठवडे लागले.

खातं उघडतानाच जे ओळखपत्र नेणार आहात ते समोर ठेवा आणि त्यावर आहे तसं, अक्षर न अक्षर, लिहा. सोपं वाटतं. तरी आदल्या आठवड्यात पुन्हा तपासा.

## ९. व्हर्जिनियाबाहेर असाल तर

नावं वेगळी, पण दारं आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ पासून मास-रिकनेक्ट, २५ वर्षांवरच्यांसाठी. मिशिगनमध्ये मिशिगन रिकनेक्ट. टेनेसीत प्रौढांसाठी टेनेसी रिकनेक्ट. इंडियानात वर्कफोर्स रेडी ग्रँट. न्यू जर्सीत उत्पन्न कमी असेल तर कम्युनिटी कॉलेज ऑपर्च्युनिटी ग्रँट. टेक्ससने २०२३ च्या कायद्याने कॉलेजांचा निधीच निकालांशी बांधला, म्हणजे किती जणांनी उपयोगी क्रेडेन्शियल मिळवलं यावर कॉलेजला पैसे. तिथे तुमची फी त्यामुळे आपोआप कमी होत नाही, पण तुम्ही पूर्ण करावं यासाठी कॉलेज तुमच्या मागे लागेल. प्रत्येक राज्याची रहिवासाची आणि व्हिसाची अट वेगळी आहे, आपल्या कॉलेजच्या वर्कफोर्स विभागाला विचारा, मुख्य प्रवेश विभागाला नको. तिथे नॉनक्रेडिटचं फारसं कोणाला माहीत नसतं.

## १०. पास झाल्यावर

सर्टिफिकेशनची प्रत कॉलेजला पाठवा. त्याच दिवशी. बाहेरच्या संस्थेचा निकाल कॉलेजला आपोआप कळतोच असं नाही, आणि पुरावा नसेल तर राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना मिळत नाही. तुमचं काही नुकसान नाही, पण पुढच्या बॅचमध्ये तुमचीच जाऊबाई बसायची असेल. आमच्या वर्गातल्या तिघी पास होऊन गायब झाल्या, ऑफिसातली बाई त्यांना शोधत मला फोन करायची.

टॅक्सच्या वेळी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलेल्या फीवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळू शकतं, खर्चाच्या २० टक्के. नोकरीचं कौशल्य शिकवणारा कोर्स चालतो, पदवीची अट नाही. जोडीने रिटर्न भरणाऱ्यांना १,६०,००० डॉलर उत्पन्नापासून ते कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. नॉनक्रेडिट कोर्सला कॉलेज फीची माहिती देणारा १०९८-टी फॉर्म देईलच असं नाही, म्हणून पावत्या जपा. राज्याने भरलेले हिस्से यात धरायचे नाहीत.

सीपीटी दोन वर्षं चालतं. नूतनीकरणाला फी आणि १० तासांचं पुढचं शिक्षण लागतं, ते ऑनलाइन होतं. ए प्लस आणि सिक्युरिटी प्लस तीन वर्षं. तारीख ईएडीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा, दोन्हींची आठवण सहा महिने आधीची लावा. माझं पहिलं नूतनीकरण गेल्या महिन्यात झालं, रात्री पोळ्या झाल्यावर, चार दिवसांत.